अडकलेल्या बंदुकीचा कैवार

एखाद्या कलाकृतीची निंदा कोणी केली यापेक्षां ती कोणत्या कारणासाठीं केली हें पाहणें अधिक बोधप्रद असतें. निंदेच्या कारणांत निंदकाची मागणी उघडी पडते. आणि मागणी एकदां कळली, म्हणजे तो कलेच्या दारीं रसिक म्हणून आला आहे कीं गिऱ्हाईक म्हणून, याचा उलगडा होतो. २००८ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत प्रसिद्ध झालेल्या ‘फार क्राय २’ या व्हिडिओ गेमवर जे आक्षेप आजवर घेण्यांत आले, त्यांची छाननी आम्ही याच दृष्टीनें करणार आहों. हा खेळ निघून एक तप केव्हांच उलटलें. त्याच नांवाचे पुढील खेळ लाखांनीं खपले. तरी ज्या एका खेळावरून त्या मालिकेचे भक्त अजून हमरीतुमरीवर येतात तो हाच. कोणी त्यास मालिकेचा कलंक म्हणतो, कोणी मुकुटमणि. आमचें मत असें कीं, कलंक म्हणणारांनीं त्याच्या गुणांसच दोष ठरविलें, मुकुटमणि म्हणणारांनीं त्याच्या दोषांसहि गुण ठरविलें, आणि जो त्याचा खरा व मोठा दोष, त्याकडे दोन्ही पक्षांनीं पुरेसें पाहिलें नाहीं.

प्रथम एका शंकेचा परिहार केला पाहिजे. पुस्तकांचीं परीक्षणें जेथें व्हावयाचीं तेथें पोरासोरांच्या बंदूकबाजीची चर्चा कशाला, असें आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, बाबा पदमनजींचें ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालीं निघालें तेव्हां मराठींत कादंबरी हा प्रकारच नवखा होता, आणि पुढेंहि कित्येक वर्षें कादंबरी वाचणें हा रिकामटेकड्यांचा उद्योग असें मानणारीं शहाणीं माणसें आपल्याकडे थोडीं नव्हतीं. नाटकाची तीच गत झाली, बोलपटाचीहि तीच. ज्या कलाप्रकाराची टीका विद्वान करीत नाहींत त्याची टीका त्यामुळें बंद पडत नाहीं. ती जाहिरातदारांच्या हातीं जाते, इतकेंच. आमच्या वर्गांत बसणाऱ्या तरुणांपैकीं अनेकांनीं कादंबऱ्यांच्या पानांपेक्षां या खेळांच्या रानांत अधिक रात्री घालविलेल्या असतात. युद्ध म्हणजे काय, शत्रु कोण, मारणें किती सोपें, यांविषयींच्या त्यांच्या पहिल्या कल्पना तेथें घडतात. ज्यांनीं त्यांच्या अभिरुचीची काळजी वाहावयाची, त्यांनींच नाक मुरडून बाजूस व्हावें, हें पांडित्य नव्हे. ही कर्तव्यच्युति होय.

आतां मूळ विषयाकडे वळूं. ‘फार क्राय’ या नांवाचा पहिला खेळ २००४ सालीं क्रायटेक या जर्मन मंडळीनें तयार केला व युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें प्रसिद्ध केला. निळा समुद्र, हिरवीं बेटें, एक धाडसी नायक आणि शास्त्रज्ञांच्या दुष्ट प्रयोगांतून जन्मलेले राक्षसी प्राणी, असा त्याचा थाट होता. पुढें या दोघांची फारकत झाली, नांवाचे हक्क युबिसॉफ्टकडे आले, आणि दुसरा भाग त्या कंपनीच्या कॅनडांतील मॉन्ट्रियल येथील शाखेनें क्लिंट हॉकिंग यांच्या दिग्दर्शनाखालीं रचला. या भागांत पहिल्याचें नांवाखेरीज फारसें कांहीं उरलें नाहीं. बेटें गेलीं, नायक गेला, राक्षस गेले. त्यांच्या जागीं आफ्रिकेंतील एक निनांवी देश आला, तेथील यादवी आली, आणि त्या यादवींत पैशासाठीं उतरलेला एक परदेशी भाडोत्री सैनिक आला. भांडणाचें मूळ येथेंच आहे. लोकांनीं पहिल्या जेवणाचीच दुसरी पंगत मागितली होती. त्यांस कडू काढा वाढण्यांत आला.

ज्यांनीं हा खेळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. खेळणारा नायकास पाहत नाहीं, नायकाच्या डोळ्यांनीं पाहतो; समोर दिसतात ते फक्त दोन हात व त्यांतील शस्त्र. सुमारें ५० चौरस किलोमीटरांचा माळरानें, जंगलें, नद्या व वाळवंट यांनीं भरलेला प्रदेश त्यास मोकळा असतो. कोठें जावें, कोणत्या वाटेनें जावें, हें त्यानेंच ठरवावयाचें. हें जग ज्या यंत्रणेवर उभें केलें तिला कर्त्यांनीं ‘दुनिया’ हें नांव दिलें. शब्द अरबी, पण आपल्या बोलींत इतका रुळलेला कीं त्याचा अर्थ सांगावयास नको. दोन सशस्त्र पक्ष या देशाचे लचके तोडीत आहेत, आणि जॅकल या टोपणनांवाचा एक व्यापारी दोघांसहि बंदुका पुरवीत आहे. त्या जॅकलला ठार करणें ही नायकाची कामगिरी. पण आरंभींच नायक हिंवतापानें आडवा होतो. शुद्धीवर येतो तों ज्यास मारावयाचें तोच खोलींत उभा! नायकाचे हुकूम त्यानें वाचलेले आहेत, आणि तोंडीं नीत्शेचें तत्त्वज्ञान आहे. तो नायकास मारीत नाहीं. मारण्याच्या योग्यतेचाहि समजत नाहीं. आणि चालता होतो. त्यानंतर नायकापुढें एकच मार्ग उरतो: कधीं या पक्षाची तर कधीं त्या पक्षाची सुपारी घेऊन जॅकलचा माग काढीत राहणें.

आतां आक्षेपांकडे येऊं. पहिला व सर्वांत मोठ्या आवाजांत घेतलेला आक्षेप असा कीं, या खेळांत बंदूक ऐन वेळीं अडकते. शत्रु समोरून धांवत येत आहे, आपण घोडा दाबतों, आणि गोळी सुटण्याऐवजीं हात बंदुकीशीं झटापट करूं लागतात. याच जातीच्या दुसऱ्या तक्रारी: हिंवतापाची हुडहुडी वाटेल तेव्हां भरते, नकाशा हातांत धरून पाहावा लागतो, व तो पाहत असतां जग थांबून राहत नाहीं, जखम झाली तर अंगांतून गोळी उपटून काढावी लागते, एका पक्षाच्या चौकीस आग लावावी, तों वाऱ्यानें ती वाळल्या गवतांतून आपल्याच अंगावर येते. या सर्व तक्रारींचें सार काय? हेंच कीं, युद्धांत फार अडचण होते!

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण येथें अर्धीच लागू पडते; कारण येथें अंगण बुद्ध्याच वांकडें केलें आहे, आणि तें कशासाठीं हें विचारण्याची तसदी तक्रारखोरांनीं घेतली नाहीं. बंदूक अडकते ती कोणती? मेलेल्या शत्रूच्या हातून उचललेली, गंजलेली. नवी बंदूक व्यापाऱ्याकडे मिळते. तिची किंमत हिऱ्यांत द्यावी लागते. म्हणजे अडकणारी बंदूक ही त्या देशाच्या अर्थव्यवस्थेचें एक वाक्य आहे: ज्याच्याजवळ हिरे त्याची गोळी सुटते, ज्याच्याजवळ नाहींत तो नळीकडे पाहत मरतो. सिएरा लिओनमध्यें १९९१ पासून २००२ पर्यंत जी यादवी चालली तींत हिऱ्यांनींच बंदुका विकत घेतल्या. अंगोलांतहि तसेंच झालें. आणि असे रक्ताळलेले हिरे बाजारांत येऊं नयेत म्हणून २००३ सालीं ‘किंबर्ली प्रोसेस’ या नांवाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था अंमलांत आणावी लागली. आणि हें सर्व दूर आफ्रिकेंतलें म्हणून आपण हात झटकूं नयेत. जगांतील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेंत. त्यांच्या व्यापाराची मोठी पेठ मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत आहे. जो खेळ हिरा व बंदूक यांचा संबंध हातांस जाणवून देतो, त्यास ‘मजा येत नाहीं’ म्हणून नापास करणें, हें शोकांतिका पाहून रडूं आलें म्हणून तिकिटाचे पैसे परत मागण्यासारखें आहे.

हिंवतापाची गोष्ट याहून मार्मिक आहे. त्या तापाचें औषध दुकानांत मिळत नाहीं. तें मिळतें देशाबाहेर पळूं पाहणाऱ्या नागरिकांच्या गुप्त मंडळीकडे. आणि त्याचा मोबदला म्हणून त्या लोकांस प्रवासाचे परवाने नेऊन द्यावे लागतात. ज्या माणसाचा धंदा मारणें हा, त्यास स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं अधूनमधून दुसऱ्याचा जीव वांचविणें भाग पडावें, ही योजना एखाद्या चांगल्या कादंबरीकारासहि भूषणावह झाली असती. हें पुण्य नव्हे, गरज आहे. परंतु त्या देशांत पुण्यहि गरजेच्याच दारानें आंत येतें, हें कोणाच्याहि व्याख्यानाशिवाय खेळणाऱ्याच्या ध्यानांत येतें. आणि या औषधाच्या गोळ्यांस कित्येक शहाण्यांनीं ‘कटकट’ असें नांव दिलें आहे!

दुसरा आक्षेप चौक्यांचा. रस्त्यावरील नाक्यानाक्यावर सशस्त्र टोळक्यांच्या चौक्या आहेत. त्यांतील सर्वांस मारून पुढें जावें, आणि थोड्या वेळानें त्याच वाटेनें परत यावें, तों चौकी पुन्हां माणसांनीं भरलेली! हा आक्षेप पहिल्यापेक्षां वजनदार आहे, आणि त्यास आम्ही अर्धें उत्तर देऊं. चौकी पुन्हां भरते यांत अर्थ आहे. भाडोत्री सैनिक देश जिंकीत नसतो. तो फक्त माणसें मारतो, आणि दारिद्र्य व हिरे जेथें शेजारीं शेजारीं नांदतात तेथें बंदूक धरण्यास नवीं माणसें मिळण्याची वाण पडत नाहीं. खेळणाऱ्यास जो वैताग येतो तो या सत्याचाच वैताग आहे. परंतु हें सत्य दहा वेळां अनुभवून पटतें. शंभराव्या वेळीं तें सत्य राहत नाहीं, नुसती खोळंबा करणारी फाटकाची दांडी होते. एखाद्या चौकींत आज एक पक्ष तर उद्यां दुसरा दिसावा, कोठें वस्ती उठून गेलेली दिसावी, कोठें चौकीच ओस पडावी, असें झालें असतें तर निरर्थकतेचाहि एक इतिहास झाला असता. येथें तो झाला नाहीं. कल्पना खरी होती. ती राबविणारा हात आळसावला.

तिसरा आक्षेप असा कीं, या खेळांत आपलें म्हणावें असें कोणी नाहीं, आणि कथाहि क्षीण आहे. ज्याचें काम आपण करतों त्याचींहि माणसें रस्त्यावर आपल्याच अंगावर गोळ्या झाडतात. यावर आमचें उत्तर असें: आपलें कोणी नाहीं हें अगदीं खरें, आणि तीच कथा आहे. नायक म्हणून जीं माणसें निवडतां येतात त्यांची यादी पाहा: कोणी अल्जीरियाचा, कोणी कोसोवोचा, कोणी हैतीचा, एक मॉरिशसचा सिंग आडनांवाचा. ज्या देशांच्या वांट्यास स्वतः पारतंत्र्य किंवा यादवी आली, त्यांचेच पुत्र दुसऱ्याच्या यादवींत पैसे मिळवावयास उतरले आहेत. जो नायक आपण निवडीत नाहीं तो पुढें सोबती म्हणून भेटतो. आपण घायाळ होऊन पडलों तर तो धांवत येतो, ओढून आडोशास नेतो, पुन्हां उभें करतो. आणि कधीं तोच असा पडतो कीं उभा होणें नाहीं. तेव्हां त्याच्या दंडांत औषधाच्या सुया टोचीत राहाव्या, त्यास तसाच टाकून जावें, कीं पिस्तुलानें त्याचे हाल संपवावे, हें खेळणाऱ्यानेंच ठरवावयाचें. त्या क्षणीं पडद्यावर गुण मिळत नाहींत, सुरावट वाजत नाहीं, कोणी शाबासकी देत नाहीं. माणूस मारण्याचे शेंकडों प्रसंग ज्यांत आहेत अशा खेळांत एका माणसाचें मरण जड वाटावें, हें यश लहान नव्हे. पुढें हेच सोबती हिऱ्यांसाठीं नायकावर उलटतात. आम्हांस यांत कथेचें दौर्बल्य दिसत नाहीं. कथेनें स्वतःशीं राखलेलें इमान दिसतें.

येथें दिग्दर्शकाच्या एका मताचा उल्लेख अवश्य आहे. २००७ सालीं हॉकिंग यांनीं ‘बायोशॉक’ या दुसऱ्या एका गाजलेल्या खेळावर टीका लिहून असा सिद्धान्त मांडला कीं, कथा एक सांगते आणि खेळण्याची रीति दुसरेंच करावयास लावते, हा या कलेंतला मोठा विसंवाद होय. दुसऱ्याच्या दोषावर बोट ठेवणें सोपें असतें. पण पुढच्याच वर्षीं त्यांचा स्वतःचा खेळ बाहेर पडला, तेव्हां त्यांच्याच कसोटीवर तो घांसून पाहण्यास हरकत नसावी. ‘फार क्राय २’ची कथा म्हणते कीं हिंसा हा रोग आहे, व तो पसरविणाराहि त्यांतून सुटत नाहीं. आणि खेळ काय करावयास लावतो? आजारी अंगानें, गंजक्या शस्त्रानें, विश्वासघातकी सोबत्यांसह, न संपणाऱ्या चौक्यांतून हिंडावयास लावतो. कथा व कृति यांची एवढी एकवाक्यता या जातीच्या खेळांत आम्हांस क्वचितच आढळली आहे.

शेवट तर या एकवाक्यतेचा कळस आहे. ज्यास मारावयास आलों तो जॅकल अखेरीस नायकापुढें दोन कामें ठेवतो. सरहद्दीवर निर्वासितांचा लोंढा अडकला आहे. एकानें हिऱ्यांची पेटी पहारेकऱ्यांस देऊन वाट मोकळी करून घ्यावयाची, व मग स्वतःवर गोळी झाडून घ्यावयाची. दुसऱ्यानें सुरुंग उडवून पाठलाग करणाऱ्या दोन्ही सैन्यांची वाट बुजवावयाची व त्यांतच मरावयाचें. कोणतें काम घ्यावें एवढीच निवड; जगावें कीं मरावें ही नाहीं. ज्यांनीं ज्यांनीं या युद्धांत बंदूक धरली त्यांपैकीं कोणीहि बाहेर जातां कामा नये, नाहींतर रोग त्याच्याबरोबर जाईल, हा जॅकलचा हिशेब. तो हिशेब क्रूर आहे, कदाचित् खोटाहि आहे. पण विजयाचें निशाण फडकवून खेळणाऱ्यास घरीं पाठविण्याच्या सर्वमान्य प्रघाताशीं तुलना करतां तो अधिक प्रौढ आहे, हें कोण नाकबूल करील?

आतां, तक्रारखोरांचा जय झाल्यावर काय झालें तेंहि पाहूं. २०१२ सालीं ‘फार क्राय ३’ निघाला. पुन्हां बेटें आलीं, निळें पाणी आलें. बंदूक अडकेनाशी झाली, हिंवताप गेला, आणि एकदां जिंकलेलें ठाणें जिंकलेलेंच राहूं लागलें. मनोऱ्यावर चढावें कीं नकाशा आपोआप उलगडावा. हा खेळ कसबांत कमी आहे असें आम्ही म्हणत नाहीं; त्यांतील खलपात्र तर खरोखरच स्मरणीय आहे. परंतु त्याची कथा कोणती? एक अमेरिकन सुखवस्तु तरुण मित्रांसह सहलीस जातो, चांच्यांच्या तावडींत सांपडतो, आणि मारतां मारतां त्यास मारण्याची गोडी लागते. कथा त्यास विचारते: अरे, तूं राक्षस होत चाललास काय? आणि त्याच वेळीं खेळ त्यास प्रत्येक वधाबद्दल गुण देतो, नवें कौशल्य देतो, हातावर गोंदणाची नवी रेघ उमटवितो! कथा कान पिळते व खेळ पाठ थोपटतो. ज्या विसंवादाचा निषेध २००७ सालीं झाला होता तो त्याच घराण्यांत पाट मांडून बसला. पुढें २०१४ सालीं हिमालयांतील एक कल्पित राज्य झालें, २०१८ सालीं अमेरिकेंतील मोंटाना झालें. स्थळें बदललीं, पण आराम कायम राहिला. गिऱ्हाइकाला आतां अडचण होत नाहीं. त्याला त्रास देणारें युद्ध काढून घेऊन न दुखणारें युद्ध त्याच्या हातीं देण्यांत आलें. आणि यांतील नैतिक खेळ कोणता असें विचारतां, न दुखणारा तोच निर्दोष, असें सांगण्यांत येतें. आम्हांस याच्या अगदीं उलट वाटतें.

इतकें झाल्यावर दुसऱ्या पक्षाचाहि समाचार घेतला पाहिजे. गेल्या कांहीं वर्षांत ‘फार क्राय २’च्या भक्तांचा असा एक पंथ निघाला आहे कीं, त्यास या खेळांत दोष म्हणून दिसतच नाहीं, जें जें खटकतें तें तें हेतुपूर्वक, आणि जें हेतुपूर्वक तें कलात्मक. ही टीका नव्हे, ही आरती आहे. पात्रें आपलीं वाक्यें अशा घाईनें म्हणतात कीं जणू कोणी मागें घड्याळ घेऊन उभें आहे. यांत कोणता हेतु? दाट झाडींत दडलेल्या मनुष्यास दूरचा शत्रु अचूक हेरतो, यांत कोणतें तत्त्वज्ञान? उत्तरार्धांत नवा प्रांत लागतो, पण कामें बहुतेक पूर्वार्धाचीच नक्कल. यांत कोणता ध्वनि? गैरसोय ही अर्थाची वाहक होऊं शकते. परंतु प्रत्येक गैरसोयीच्या पाठीवर अर्थ बसलेला असतो, हें मत मात्र आम्हांस मान्य नाहीं.

पण हे दोष किरकोळ होत. मुख्य दोष निराळा, आणि तो कळण्यासाठीं या खेळाच्या वंशाकडे पाहिलें पाहिजे. जोसेफ कॉनरॅड यांची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही कथा १८९९ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली; तिच्या आधारें कोपोला यांनीं १९७९ सालीं ‘अपॉकॅलिप्स नाउ’ हा बोलपट काढला; आणि ‘फार क्राय २’नें आपला सांगाडा त्याच कथेवरून घेतला. आफ्रिकेच्या अंतर्भागांत हरवलेल्या एका गोऱ्या माणसाच्या शोधास निघालेला दुसरा परका, आणि त्या शोधांत झालेलें त्याचें स्वतःचें अधःपतन, हा तो सांगाडा. १९७५ सालीं नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत दिलेल्या व्याख्यानांत कॉनरॅडवर जो प्रहार केला, तो आम्हां इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापकांस विसरतां येण्यासारखा नाहीं. एका क्षुद्र युरोपियन मनाच्या पडझडीसाठीं अख्ख्या खंडाची नेपथ्याच्या पडद्यासारखी योजना करावी, व तेथील माणसांस माणूसपण देऊं नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. कॉनरॅडच्या बचावास त्याची भाषा, त्याची साम्राज्यशाहीची चीड व त्याचा काळ हे साक्षीदार उभे करतां येतात. २००८ सालच्या खेळास हा शेवटचा साक्षीदार मिळत नाहीं.

या ५० चौरस किलोमीटरांत हिंडून पाहा. सेनापति आहेत, त्यांचे हस्तक आहेत, व्यापारी आहेत, एक पत्रकार आहे, आणि बंदूकवाले तर मोजतां येऊं नयेत इतके आहेत. पण शेतांत वांकलेला मनुष्य नाहीं, भरलेला बाजार नाहीं, पाण्याची घागर घेऊन चाललेली बाई नाहीं, आणि मूल तर एकहि नाहीं. ज्या थोड्या निर्वासितांची गांठ पडते ते बंद खोल्यांतून परवान्यांची वाट पाहत बसलेले. त्यांना आपण कागद द्यावे, त्यांच्याकडून औषध घ्यावें, व बाहेर पडावें. त्यांचें पूर्वायुष्य नाहीं, वाद नाहींत, विनोद नाहीं. देशाला नांवहि नाहीं. आणि यादवी कशापायीं पेटली हें विचारण्याचें तर कोणास कारणच पडत नाहीं, जणू आफ्रिकेंत यादवी ही पावसाळ्यासारखी आपोआप येते.

ज्या हिंवतापाची आम्हीं वर एवढी प्रशंसा केली, तोच ताप येथें या खेळाविरुद्ध साक्ष देतो. जगांत हिंवतापानें मरणाऱ्या माणसांपैकीं शेंकडा ९० हून अधिक आफ्रिकेंत मरतात, आणि त्यांतील बहुसंख्य पांच वर्षांखालचीं मुलें असतात. या खेळांत मात्र त्या तापानें खेळणाऱ्याच्या डोळ्यांपुढें कोण कण्हतो? परदेशांतून आलेला बंदूकवाला. ज्या खंडाचीं लेंकरें या रोगानें मरतात, त्या खंडांत तो रोगहि एका पाहुण्याच्या मनोविश्लेषणाचें साधन म्हणून राबविला गेला! मूल दाखवावें तर खेळणारा त्याजवर गोळी झाडील, ही अडचण कर्त्यांस वाटली असेल तर ती आम्ही समजूं शकतों. पण ज्या कर्त्यांनीं खेळणाऱ्यास हिंवताप देण्याचें, त्याची बंदूक अडकविण्याचें व शेवटीं त्यास मारण्याचें धैर्य दाखविलें, त्यांचें धैर्य नेमकें येथेंच कां खचलें, असें विचारण्याचा आमचा अधिकार आहे.

आणि या दोषाचें फळ त्या उत्कृष्ट शेवटासच भोगावें लागतें. नायक मरतो तो निर्वासितांसाठीं. परंतु त्या निर्वासितांपैकीं एकाचेंहि नांव आपल्या तोंडीं बसलेलें नसतें. सोबती मेला तेव्हां जें जडपण मनास आलें तें येथें येत नाहीं. कारण सोबत्यास चेहरा होता, या लोंढ्यास नाहीं. ज्यांच्यासाठीं प्राण द्यावयाचा तीं माणसें अनोळखी ठेवून आत्मबलिदान रंगविलें, म्हणजे तें बलिदान माणसांसाठीं राहत नाहीं. तें स्वतःच्या पापक्षालनासाठीं होतें. कॉनरॅडचा वारसा येथें पुरेपूर वसूल झाला.

तेव्हां आमचा निर्णय काय? हा खेळ त्याच्या निंदकांनीं म्हटलें त्यापेक्षां पुष्कळ मोठा आहे, आणि त्याच्या भक्तांनीं म्हटलें त्यापेक्षां बराच अपुरा आहे. त्यानें हिंसा करणाऱ्याची व्यथा खेळाच्या भाषेंत सांगितली. हिंसा सोसणाऱ्याची सांगितली नाहीं. पहिलें काम या कलेंत आजहि दुर्मिळ आहे, म्हणून त्यास मान दिला पाहिजे. दुसरें काम बाकी आहे, म्हणून तेथेंच थांबतां येत नाहीं. खेदाची गोष्ट ही कीं, २००८ नंतर टीकेनें जर ‘माणसें कोठें आहेत?’ असा प्रश्न केला असता तर पुढच्या खेळांत कदाचित् माणसें आलीं असतीं. टीकेनें विचारलें, ‘बंदूक कां अडकते?’ म्हणून पुढच्या खेळांत न अडकणारी बंदूक आली. जसा प्रश्न तसें उत्तर. कारखानदार बिचारा काय करील? त्यास जें मागितलें तें त्यानें दिलें.

म्हणूनच आम्ही म्हणतों कीं ही जबाबदारी टीकाकारांची आहे, आणि आपल्याकडील टीकाकारांचीहि आहे. मराठी तरुण हे खेळ खेळतो, त्यांवर वादहि घालतो. पण तो वाद घालावयास त्यास भाषा देतो कोण? किंमत वसूल झाली कीं नाहीं, चित्रें गुळगुळीत आहेत कीं नाहींत, यापलीकडची परिभाषा त्याच्या हातीं आपण दिलेली नाहीं. कादंबरीस आपण जें विचारतों तेंच या कलेस विचारावयास त्यास शिकविलें पाहिजे: येथें कोणाचें दुःख दिसतें, कोणाचें लपतें, आणि जो आनंद मला मिळतो आहे त्याची किंमत कोण भरतो आहे? हे तीन प्रश्न विचारून जो ‘फार क्राय २’ खेळेल, त्यास अडकलेल्या बंदुकीचा राग येणार नाहीं. त्यास राग येईल तो त्या ओसाड गांवांचा, आणि तो राग मात्र रसिकाचा असेल.